खाऱ्या पाण्याचे बिऱ्हाड

गोड्या पाण्यातील मासे घरात ठेवणे ही गोष्ट आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात, केशकर्तनालयात, एखाद्या हौशी गृहस्थाच्या दिवाणखान्यात सोनेरी मासे फिरताना आपण पाहतोच. समुद्रातील रंगीत मासे मात्र पाहावयाचे ते सार्वजनिक मत्स्यालयात. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांना प्रवाळांतल्या माशांचे पहिले दर्शन तेथेच घडले. आता तेच मासे मोठ्या शहरांतील दुकानांत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून विकत मिळतात. २००३ साली निघालेल्या एका चित्रपटामुळे तर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश लहान मुलांच्या इतका ओळखीचा झाला आहे, की दुकानात शिरताच ती त्याला नावाने हाक मारतात. असा मासा घरी आणावा, त्याला सोबत म्हणून आणखी चारदोन आणावे, ही इच्छा साहजिकच आहे. ती पुरी करावयाची तर कोणते मासे कोणाबरोबर नांदतात, याचा विचार आधी करावयास हवा.

हा विचार बहुधा होत नाही. माणूस दुकानात जातो, एक निळा, एक पिवळा, एक नारिंगी आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा असे मासे केवळ रंग पाहून निवडतो. महिन्या-दोन महिन्यांत त्यांतला एकच उरतो, आणि तो सहसा सर्वांत स्वस्त मिळालेला असतो. बाकीचे रोगाने गेले अशी घरची मंडळी समजूत करून घेतात. रोगाचाही वाटा असतोच; पण पुष्कळदा ते बिचारे छळाने गेलेले असतात. सोयरीक जुळविताना मुलाचा पगार, घरातील माणसे, स्वभाव, खाणेपिणे यांची आपण किती चौकशी करतो! काचेच्या चार भिंतींत जन्मभर कोंडावयाच्या जिवांबद्दल दहा मिनिटांची चौकशी काही फार नव्हे. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी हौदांत पैदास केलेले असतात. समुद्रातील मासे मात्र अजूनही बरेचसे प्रत्यक्ष प्रवाळांतूनच पकडून आणले जातात. फिलिपाइन्सच्या समुद्रात १९६० च्या दशकात मासे गुंगविण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारण्याची वाईट रीत पडली. तिने मासे तर मरतातच, पण प्रवाळही मरते. आपल्या टाकीत मेलेल्या प्रत्येक माशाच्या जागी दुसरा येतो तो कोठून, हे ध्यानात आले म्हणजे ही निवड नुसत्या शोभेची गोष्ट राहत नाही.

समुद्रातील मासे इतके भांडकुदळ का? सारेच तसे नाहीत. बांगड्यांचे किंवा तारल्यांचे थवे मोकळ्या पाण्यात गुण्यागोविंदाने फिरतात. तेथे जागा कोणाच्याच मालकीची नसते. प्रवाळांतली गोष्ट निराळी. तेथे एकेक कपार, एकेक फांदी, एकेक वीतभर वाळू ही कोणाची तरी वतनी जमीन असते. त्या जागेत लपावयास बीळ असते, खावयास शेवाळ किंवा बारीक जीव असतात, अंडी घालण्यास खडक असतो. जागा गेली की सर्वच गेले. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्याशी पाण्यात तरंगत आणि नंतर घरच्या टाक्यांत हे मासे निरखले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या, प्राण्यांतील आक्रमकतेवरील आपल्या ग्रंथाचा प्रारंभच त्यांनी या माशांपासून केला आहे. भडक रंगाचा मासा परक्या जातीपेक्षा स्वजातीयावर अधिक तुटून पडतो, असे त्यांना दिसले. कारण उघड आहे. ज्याला तेच अन्न, तेच बीळ आणि तीच मादी हवी, तोच खरा प्रतिस्पर्धी. भडक रंग म्हणजे दुरूनच वाचता येणारी मालकीची पाटी, हा त्यांचा पुढचा तर्क मात्र सर्वच जातींना लागू पडत नाही, असे नंतरच्या संशोधनात दिसून आले. तरी व्यवहारापुरता त्यातून निघणारा नियम खरा आहे: एकाच जातीचे, एकाच आकाराचे, एकाच रंगाचे दोन मासे लहान टाकीत सहसा नांदत नाहीत.

समुद्रात हरलेला मासा पळून जातो, आणि भांडण तेथेच मिटते. टाकीत पळून जाणार कोठे? जिंकणाऱ्याच्या दृष्टीने शत्रू अजून हद्दीतच उभा असतो, म्हणून तो मारीतच राहतो. येथे क्रौर्य माशाचे नसून काचेचे आहे.

लहान टाकी म्हणजे केवढी, हे आधी ठरवून घेऊ. पाऊण मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि तितकीच उंच अशी पेटी घेतली तर तिचे आकारमान १२० लिटर होते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी शंभर लिटर राहते. सर्व मिळून भार दीडशे किलोच्या पुढे जातो. तेव्हा जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर ती ठेवण्यापूर्वी सुताराचा सल्ला घेतलेला बरा. याहून लहान टाकी नवशिक्याने घेऊ नये असे आमचे मत आहे. लहान टाकी सोपी असते हा भ्रम आहे. पाणी जितके थोडे, तितके ते लवकर बिघडते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते केवळ खाण्याचे मीठ नव्हे. आपल्या उरण-पेणकडच्या मिठागरांत मीठ धरून झाले की मागे कडू पाणी उरते. मॅग्नेशियमचे क्षार त्या कडू पाण्यात राहून गेलेले असतात. म्हणूनच घरातले मीठ पाण्यात विरघळवून समुद्र तयार होत नाही. मत्स्यपेटीसाठी सर्व क्षार मोजून मिसळलेले तयार मीठ मिळते, ते गाळलेल्या शुद्ध पाण्यात घालावे. चौपाटीवरून बादली भरून आणण्याचा मोह टाळावा. शहराजवळचे पाणी घाण असते, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे ते निम्मेअधिक गोडे होते. पाणी वाफ होऊन उडते तेव्हा क्षार मागेच राहतात. शंभर लिटरांतील पाच लिटर उडाले की ३५ ग्रॅमचे प्रमाण ३६.८ वर जाते. तेव्हा उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावयाची. वैशाखात हे काम रोजचे होऊन बसते.

आता माशांची संख्या इतकी थोडी का ठेवावी लागते, ते पाहू. २५ अंश सेल्सियस उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. तेवढ्याच उष्ण समुद्राच्या पाण्यात जेमतेम पावणेसात. म्हणजे दम घेण्यास मुळातच कमी. दुसरे असे की माशांच्या उत्सर्गातून अमोनिया निघतो, आणि समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यातील अधिक भाग विषारी रूपात राहतो. हे विष पचविणारे सूक्ष्म जंतू असतात. काही अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते वेगळे करून दाखविले. हे जंतू दगड-वाळूवर वस्ती करावयास चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत मासा सोडू नये. चिमूटभर खाद्य कुजत ठेवून, मधूनमधून पाणी तपासून, नुसती वाट पाहावी. शंभर लिटरांना चार, फार तर पाच लहान मासे. गोड्या पाण्याच्या टाकीत वीस मासे ठेवणाऱ्याला हा आकडा कंजूषपणाचा वाटेल. पण मे महिन्यात दोन तास वीज गेली की त्याला त्याचे मोल कळते.

या वाट पाहण्याच्या काळातच पहिली मोठी चूक घडते. दुकानदार सुचवितो, "आधी दोन डॅमसेल सोडा, ते काही मरत नाहीत, टाकी लवकर तयार होईल." डॅमसेल हा काटक आणि स्वस्त मासा आहे, हे खरे. तो अमोनियातही तग धरतो, म्हणजे यातना सोसून जगतो. पण महिनाभर रिकाम्या घरात एकटा राहिलेला हा भाडेकरू पुढे घरमालक होतो. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला डॉमिनो तर चौदा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, आणि नंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कोपऱ्यात घालून ठोकतो. त्याला पकडून बाहेर काढावयाचे तर सगळे दगड उपसावे लागतात. हिरवट झाक मारणारे क्रोमिस हे त्याच कुळातले, पण सौम्य म्हणून पाच-सहांच्या थव्याने विकतात. समुद्रात त्यांचा थवा खरोखर रम्य दिसतो. लहान टाकीत मात्र त्यांतला सर्वांत दुबळा आधी जातो, मग त्याच्या वरचा, असे करीत शेवटी एकटा उरतो.

दुसरी चूक मोठ्या होणाऱ्या माशांची. त्याच चित्रपटातील विसराळू निळा मासा, म्हणजे ब्लू टँग, दुकानात दोन बोटांएवढा असतो. पुरा वाढला म्हणजे तीस सेंटिमीटर होतो, आणि त्याला दिवसभर लांबवर पोहावयास लागते. एम्परर एंजलची गंमत अशी की त्याच्या पिल्लाच्या निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात, आणि मोठेपणी पिवळे आडवे पट्टे येतात. दोन्ही रूपे इतकी भिन्न, की पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी पिल्लाला निराळी जात समजून निकोबार बेटांवरून वेगळे नाव दिले होते. ते गोजिरवाणे पिल्लू पुढे हातभर होते. लायनफिश तर ज्याला तोंडात घेता येईल त्याला गिळतो. त्यात वैर नाही, ते त्याचे जेवण आहे. दुकानात विचारावयाचा प्रश्न "हा केवढा आहे" हा नसून "हा केवढा होणार" हा आहे.

तिसरी गोष्ट खाण्याची. मँडरिन नावाचा मासा पाहिला म्हणजे पैठणीच्या पदराची आठवण व्हावी, इतके त्याचे रंग आणि वेलबुट्टी. स्वभावही गरीब. पण तो दिवसभर दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपीत असतो, आणि शंभर लिटरांच्या टाकीत ते जीव थोड्याच आठवड्यांत संपतात. वरून टाकलेल्या खाद्याकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. भांडण नाही, रोग नाही, आणि मासा उपाशी मरतो. फुलपाखरी माशांच्या काही जाती जिवंत प्रवाळाखेरीज काहीच खात नाहीत, त्यांची गतही तीच. दुसऱ्या माशांच्या अंगावरील जंतू खाऊन गुजराण करणारा निळा-काळा क्लीनर रॅस असाच. चार माशांच्या घरात त्या वैद्याचा धंदा चालणार कसा?

मग उरले कोण? पुष्कळ उरले, आणि ते काही कमी सुंदर नाहीत.

प्रथम क्लाउनफिशच घेऊ. तो आठ-नऊ सेंटिमीटरांपलीकडे फारसा जात नाही, तयार खाद्य आवडीने खातो, आणि मुख्य म्हणजे त्याची पैदास आता टाक्यांत होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात या कामाचा पाया घातला; नवी मुंबईत ऐरोलीस आणि लक्षद्वीपात अगत्ती बेटावरही अशी पैदास केंद्रे निघाली आहेत. पैदास केलेला क्लाउनफिश मिळत असता समुद्रातला पकडलेला घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने म्हणू. याची जोडी जमविण्याची युक्ती त्याच्या जीवनक्रमातच आहे. या जातीत सारे मासे आधी नर म्हणून वयात येतात. गटातील सर्वांत मोठा आणि दांडगा मासा पुढे मादी होतो. मादी मेली की तिचा नर मादी बनतो आणि खालचा लहान मासा त्याची जागा घेतो. हान्स फ्रिके या जर्मन संशोधकाचा या विषयावरील निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला. (चित्रपटातील बापाने निसर्गनियम पाळला असता तर कथेच्या अखेरीस तो आई झाला असता, पण ते असो.) म्हणून एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन कोवळे मासे एकाच वेळी आणावेत. चारदोन दिवसांच्या रुसव्याफुगव्यांनंतर त्यांचा संसार सुरू होतो. बरोबरीच्या आकाराचे दोन प्रौढ मासे आणले तर दोघांनाही मादी व्हावयाचे असते. तिसरा क्लाउनफिश तर आणूच नये. समुद्रपुष्पावाचून हे मासे जगत नाहीत ही समजूत खरी नाही. समुद्रात शत्रूंपासून रक्षणासाठी त्यांना त्याची गरज असते; टाकीत शत्रूच नाही. उलट समुद्रपुष्पाला प्रखर प्रकाश आणि मुरलेले पाणी लागते, ते जागा सोडून भटकते, आणि भटकताना दुसऱ्या माशांना डसते. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेस जाऊ नये.

क्लाउनफिशची जोडी वरच्या आणि मधल्या पाण्यात वावरते. तळ मोकळाच राहतो, म्हणून तेथला रहिवासी निवडावा. आपल्या खाडीतल्या निवट्यांचे भाऊबंद असलेले गोबी मासे येथे शोभतात. त्यांपैकी पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी यांची भागीदारी ज्याने पाहिली, त्याला रंगांचे फारसे अप्रूप उरत नाही. कोळंबीला फारसे दिसत नाही, पण ती वाळूत बीळ खणण्यात पटाईत. गोब्याला खणता येत नाही, पण त्याची नजर तीक्ष्ण. कोळंबी दिवसभर वाळूचे ढीग बाहेर आणून टाकते, आणि बाहेर येताना आपली एक मिशी गोब्याच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवितो; कोळंबी आत, पाठोपाठ गोबीही आत. मोठे दगड मात्र टाकीच्या काचेवरच नीट बसवावेत आणि मग वाळू घालावी. वाळूवर ठेवलेला दगड या खोदकामाने कोसळतो.

कपारींत राहणारा एखादा मासा हवा असेल तर रॉयल ग्रामा घ्यावा. पुढचा अर्धा भाग जांभळा, मागचा पिवळा. हा वेस्ट इंडीजकडचा, क्लाउनफिश पूर्वेकडचा. दोघांची समुद्रात कधी गाठ पडत नाही, पण टाकीत त्यांचे जमते. येथे एक सावधगिरी हवी. अगदी असाच जांभळा-पिवळा दिसणारा रॉयल डॉटीबॅक नावाचा मासा पूर्वेकडील समुद्रातून येतो, आणि तो बराच जहाल असतो. ग्रामाच्या अंगावर जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात मिसळतो आणि पाठीवरच्या परावर काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग सुरीने कापावे तसे सरळ रेषेत वेगळे होतात. हे दोघे एकत्र ठेवणे म्हणजे तंट्याला आमंत्रण.

चौथा-पाचवा मासा म्हणून फायरफिश किंवा बांगाई कार्डिनल यांपैकी एक पुरे. फायरफिश शेंदरी शेपटीचा, अतिशय भित्रा; दचकला की पाण्याबाहेर उडी घेतो, आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. टाकीवर बारीक जाळी ताणून बसविली पाहिजे. बांगाई कार्डिनल रुपेरी, काळ्या पट्ट्यांचा, संथ. इंडोनेशियातील बांगाई बेटांच्या आसपासच त्याचे मूळ घर. यातला नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, आणि त्या काळात अन्न वर्ज्य करतो. शौकिनांसाठी तो इतका पकडला गेला की २००७ साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत करावी लागली. हाही टाकीत वाढविलेलाच घ्यावा, आणि एकच घ्यावा. दोन नर एकमेकांना जगू देत नाहीत.

समुद्रघोड्याबद्दल हमखास विचारणा होते. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच २००१ साली मिळाले. ते बाळगणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. कोणी गुपचूप विकावयास आला तर त्याला वाटेला लावावे.

निवड झाली, तरी आणण्याचा क्रम चुकला तर सारे फुकट. आधी भित्रा, शेवटी धीट, हा क्रम. म्हणजे पहिला फायरफिश किंवा कार्डिनल, मग गोबी आणि कोळंबी, मग ग्रामा, आणि अखेरीस क्लाउनफिशची जोडी. दोन आगमनांत तीन-चार आठवड्यांचे अंतर राहू द्यावे, म्हणजे जंतूंची वस्तीही वाढत्या भाराला पुरी पडते. प्रत्येक नवा मासा चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवून निरखावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो संसर्गजन्य रोग आहे. त्याच्यावर तांब्याचे औषध चालते, पण ते औषध मुख्य टाकीत घातले की कोळंबी मरते. म्हणून उपचार वेगळ्या टाकीतच करावयाचा.

एवढे करूनही तंटा उद्भवलाच तर पहिल्या दोन दिवसांत घाबरू नये, पाठलाग होणारच. तिसऱ्या दिवशीही एखाद्याचे पर फाटलेले दिसले, तो पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला, किंवा खाण्यास येईनासा झाला, तर मध्ये पडलेच पाहिजे. दगडांची मांडणी पुरती बदलून टाकावी. सर्वांच्याच हद्दी पुसल्या जातात आणि जुना मालकही नव्यासारखा जागा शोधू लागतो. तेवढ्याने भागले नाही तर दांडगोबाला आठवडाभर भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून त्याच टाकीत ठेवावे. त्याला बाकीचे दिसतात, बाकीच्यांना तो दिसतो, आणि दरम्यान दुबळा मासा आपले बीळ पक्के करून घेतो. त्यानंतरही मारामारी थांबली नाही तर तो मासा दुकानात परत करावा. मासा विकत घेण्यापूर्वीच तो परत घेण्याचे वचन दुकानदाराकडून घेऊन ठेवावे, आणि जो ते देत नाही त्याच्याकडून मासा घेऊ नये.